जिभेवरचं लोखंड

तापकिगेनने तुंब्यातल्या दुधाचा घोट घेतला, गालात घोळवला आणि कुंपणापलीकडे थुंकून टाकला. कोंबड्या धावत आल्या. त्यांना त्यात काही खोट दिसली नाही.

"जेसांग," तिने सुनेला हाक मारली. आवाज चढवला नाही, पण तो ऐकण्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं. "हे दूध आहे की नांगराचा फाळ? चाखून बघ. नुसतं लोखंड लागतंय."

जेसांग गोठ्यातून शेणाने भरलेले हात घेऊन आली. मनगटानेच तुंबा तोलला, चाखलं, ओठ पुसले. "चांगलं लागलंय की, आई."

"तुझ्या माहेरी असलंच पीत असतील."

आता हे बोलायला नको होतं. नंदीच्या डोंगरात बाईला तिच्या स्वयंपाकावरून बोललेलं एकवेळ चालतं, तुंब्यातल्या दुधावरून नाही. दूध तापवायचं, निववायचं, तुंब्याला आतून जळत्या लाकडाचा कोळसा घासायचा, त्यात दूध ओतून तोंड बांधून ठेवायचं, सांगायला एवढंच. पण कुठल्या झाडाचं लाकूड, कोळसा किती घासायचा, तुंबा खराट्याने किती खरवडायचा, यावर घराघराचं मुर्सिक, म्हणजे हे आंबवलेलं दूध, वेगळं लागतं. तापकिगेनच्या मुर्सिकची तर चार टेकड्यांपलीकडे कीर्ती होती. सोयरिकीला आलेली माणसं मुलगी बघायची सोडून तुंब्याकडे बघत बसायची.

आणि आता तुंब्यामागून तुंबा बिघडत चालला होता. पहिल्यातलं दूध तिने वासरांना घातलं. दुसरा तर दगडावर आपटून फोडला. जेसांगचं लग्न झालं त्याच्या आधीपासूनचा तुंबा तो, आत काळाभोर मुरलेला. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? पण बाई चिडली होती, आणि चिडलेल्या बाईला समोर काहीतरी फोडायला लागतं. उरलेलं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं. हिने साबण लावला असणार. हिने भलत्याच झाडाची फांदी आणली असणार. आजकालच्या पोरींना कुठली झाडं ओळखता येतात!

"मग तुम्हीच करा," जेसांग म्हणाली. "फांदीपण तुम्हीच तोडा. मी हातसुद्धा लावत नाही."

तापकिगेनने खरंच सगळं स्वतः केलं. ओढ्याकाठी जाऊन सेनेत्वेतच्या झाडाची फांदी तोडली, वाळवली, पेटवली, गुडघ्यात तुंबा धरून कोळसा घासला. आपल्या लाल गाईचं दूध घातलं. मग दूध पुरतं आंबेपर्यंत तुंब्याजवळून जाताना सुनेकडे अशी बघायची, की आता दिसेल कोण कशी ते.

तुंब्याचं तोंड सोडलं, घोट घेतला. लोखंड.

नेमकी तेव्हाच शेजारची म्हातारी तापरान्दिच आली. या दोघींचं चाळीस वर्षांचं वैर, आणि एकमेकींवाचून दिवस जात नाही अशी गत. जेसांगने तिच्या हातात त्याच दुधाचा पेला दिला. तापरान्दिचने तो रिकामा केला, तळाशी राहिलेला काळा गाळ बोटाने चाटला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "तुझी आई जिवंत असताना असं लागायचं. मेली तुझी कला इतकी वर्षं कुठे दडून बसली होती?" आणि पेला पुन्हा पुढे केला.

तापरान्दिच आपली तारीफ करते म्हणजे दूध चांगलंच असणार, यात शंका नव्हती. तापकिगेन चुलीपाशी खाली बसली. दूध बिघडलं नव्हतं. तुंबेही बिघडले नव्हते. तिची जीभच बिघडली होती, आणि तिला भीती वाटली. मरणाची नाही. मरणाचं तिने कधीच ठरवून टाकलं होतं, नवऱ्याशेजारी, पेरूच्या झाडाखाली. भीती वाटली ती किप्यातोर येईल त्या दिवसाची.

किप्यातोर हा तिचा धाकटा. धावण्याच्या जोरावर अमेरिकेला गेला, गुडघा गेला तसं धावणं सुटलं, आता तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात रात्रपाळी करतो. नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी पोरगा तेच म्हणायचा, "आई, बोकड कापू नका, मंडप घालू नका. तुझ्या हातचं दूध दे, बास. मी झोपेतसुद्धा तुंबा शोधत असतो गं." फोन ठेवल्यावर तापकिगेन कितीतरी वेळ तशीच बसून राहायची. पोरगा लहानपणी दूध प्यायचा ते तिला दिसायचं, वरच्या ओठावर पांढरी मिशी आणि त्यात कोळशाचे ठिपके. पुसून द्यायचा नाही. तसाच शाळेत जायचा.

आता नाताळाला तो येणार होता. लांबून आलेल्या लेकराला आईने आधी आपण घोट घ्यायचा, त्याच्या छातीवर तुषार उडवून आशीर्वाद द्यायचा, मग तुंबा त्याच्या हाती द्यायचा, ही रीत. एकाच घोटात दोघं. आणि आपल्या तोंडात काय असणार? गंजलेलं लोखंड. ते तोंड वाकडं न करता त्याच्या अंगावर उडवायचं आणि म्हणायचं, पी बाळा. तिला ते खोटं वाटलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली, त्या क्षणी आपण खोटं वागायचं?

ती दवाखान्यात गेली. तिथला सितिएनेई डॉक्टर तिच्या भावकीतलाच. पाऊसकाळात यानेच तिला साखर झाल्याचं सांगितलं होतं आणि पांढऱ्या मोठ्या गोळ्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ. त्या गोळ्यांनी आधी पोट बिघडवलं होतं. भर प्रार्थनेत तिला चर्चमधून पळत जावं लागलं होतं, पाद्रीबाबाचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं होतं. मग त्याने शिकवलं, गोळी उपाशीपोटी नाही, अर्ध्या जेवणात घ्यायची, वर पुन्हा दोन घास. पोट ताळ्यावर आलं. पण जिभेचं तो काही बोलला नव्हता.

"होतं असं काहींना," सितिएनेई म्हणाला. "त्याच गोळीने होतं. मला वाटलं तुला नाही होणार."

"तुला वाटलं! माझा तुंबा फुटला त्यात."

"तुंबा?"

"जाऊ दे. बरं कधी होणार ते सांग."

"कधी कधी आपोआप जातं. मिठाच्या पाण्याने चुळा भर, जेवणाआधी लिंबू चोख. हळू विरघळणारी गोळी असते, ती मागवतो, तिने फरक पडेल. पण साठा येईल तेव्हा येईल. तोवर हीच घ्यायची, मावशी. बंद करायची नाही. तुझ्या डोळ्यांची आणि पायांची काळजी आहे मला."

लिंबाने खरंच काम केलं. मक्याच्या उगालीचा घास गोड लागायला लागला, भाजी भाजीसारखी लागली, मटणाचं हाड चोखताना तर तिने डोळेच मिटले. पण दुधाला लिंबू चालेना. लिंबू चोखून दूध प्यायलं की आंबटावर आंबट, आणि त्याच्या खालून लोखंड निघायचंच. हळूवाली गोळीही काही आली नाही. नाताळ मात्र येत चालला होता.

मग बाईने करू नये ते केलं. गोळी तोंडात घ्यायची, जिभेखाली ठेवायची, पाणी प्यायचं, आणि जेसांगची पाठ वळली की चुलीच्या राखेत. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

काही दिवसांनी एका सकाळी चहा चहासारखा लागला. तिने पेला खाली ठेवला, परत उचलला, परत प्यायली. मग तुंब्याकडे गेली. घोट घेतला आणि तिथेच, भिंतीला टेकून, पोरीबाळीसारखी हसायला लागली. सगळं जागेवर होतं. एवढा आनंद तिला किती तरी वर्षांत झाला नव्हता.

पण तहान लागायला लागली. घडा भरून ठेवावा तो दुपारी रिकामा. लघवीला फेऱ्यांवर फेऱ्या, अंग गळून गेलेलं, आणि समोरच्या टेकडीवरचे चहाचे मळे धुरकट दिसायचे. तापकिगेन म्हणायची, धुकं आहे. भर उन्हात.

जेसांग तोंडाची फटकळ, पण डोळ्यांची त्याहून तीक्ष्ण. एका सकाळी ती सासूला हाताला धरून केळीच्या झाडांमागे घेऊन गेली आणि नुसतं बोट दाखवलं. सासू पहाटे जिथे लघवीला बसली होती, तिथे मुंग्यांची रांग लागली होती.

"गोळ्या घेता ना, आई?"

"घेते की."

"मुंग्या वेगळंच सांगताहेत."

तापकिगेनने पायाने माती लोटून मुंग्या झाकल्या.

"मी आत्ता जाते सितिएनेईकडे. आणि यांना फोन करते. किप्यातोरलापण सांगते."

"नको गं." तापकिगेनने तिचा हात धरला. सासूने असा हात धरायची ही पहिलीच वेळ, आणि जेसांगला ते काही सुचू देईना. "तो येईपर्यंत. चार दिवस राहिलेत. एक घोट मला त्याच्याबरोबर घेऊ दे, मला जसा लागतो तसाच त्याला लागू दे. मग तू देशील तितक्या गोळ्या गिळीन. तुझ्या माहेराला कधी बोलणार नाही."

"माझ्या माहेराचं राहू द्या." जेसांगचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "तो येईल त्याच दिवशी घ्यायची. रात्रीच्या जेवणात, माझ्यासमोर, तोंड उघडून दाखवायचं. आणि त्याआधी चक्कर आली, तर मी कुणाचं ऐकणार नाही."

चक्कर आली नाही. म्हणजे आली, पण तापकिगेनने ती खुर्चीवर बसून काढली.

थोरला किमुगुल, जेसांगचा नवरा, एल्डोरेटच्या विमानतळावरून भावाला घेऊन आला. गाडी फाटकाशी थांबली आणि बायकांनी गाणं धरलं. किप्यातोर उतरला. डोक्याचे केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, पण चालणं तेच, टाचा न टेकवता. तापकिगेनला चेहरा नीट दिसत नव्हता, चाल दिसली आणि ती रडायला लागली.

जेसांगने तुंबा तिच्या हातात दिला. तापकिगेनने घोट घेतला. काय सांगावं, असं दूध तिच्या हातून आयुष्यात उतरलं नव्हतं. तिने लेकाच्या छातीवर तुषार उडवले, त्याच्या नव्या शर्टावर राखी ठिपके पडले, आणि तुंबा त्याच्या ओठांशी नेला.

तो इतका जवळ होता की आता तिला नीट दिसत होतं. त्याने श्वास रोखला. जीभ खाली दाबली. एका दमात गिळलं, आणि मग हळूच दातांवरून जीभ फिरवली. क्षणभरच. मग हसला.

"तीच चव, आई. अगदी तीच."

बायकांनी पुन्हा गाणं उचललं. तापकिगेनही हसली. पण तसं गिळणं तिच्या ओळखीचं होतं, कितीतरी दिवस तिने तसंच गिळलं होतं.

दिवसभर माणसं येत राहिली. दिवेलागणीला पाहुणे पांगले, किमुगुल त्यांना पोचवायला गेला, आणि ती, किप्यातोर आणि जेसांग असे तिघंच जेवायला बसले. किप्यातोरने चार घास खाल्ले, हात आखडला, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने खिशात घातला.

"कधीपासून?" तापकिगेनने विचारलं.

"काय?"

"अर्ध्या जेवणातच घेतात ती. मला शिकवू नकोस."

त्याने मूठ उघडली. गोळी तशीच होती, पांढरी, मोठी. "दोन वर्षं झाली. तुला काय सांगायचं फोनवर? तू इकडे जिवाला लावून घेतलं असतंस."

"आणि दूध?"

तो खाली बघायला लागला. "मला वाटलं, तिकडचं दूधच तसलं. दुकानातलं, डब्यातलं, गाय कधी न बघितलेलं. किती दुकानं बदलली मी! म्हटलं, घरी गेल्यावर आईच्या हातचं लागेल." हा एवढा मोठा बाप्या, ताटावर वाकून रडायला लागला. "नऊ वर्षं आई. आणि लोखंड लागलं गं."

तापकिगेनने त्याच्या विरळ केसांवरून हात फिरवला. रागावायला कुणी नव्हतं. तुंबा फोडून काही होणार नव्हतं.

जेसांग उठली होती. ती सासूची गोळी आणि पाणी घेऊन आली आणि समोर उभी राहिली. ठरल्याप्रमाणे.

"घेते," तापकिगेन म्हणाली. "आधी तो तुंबा दे."

तिने घोट घेतला, आणि या वेळी लगेच गिळला नाही. "डोळे मीट," ती लेकाला म्हणाली. "आधी धूर येतो बघ. चुलीचा नाही, ओढ्याकाठच्या लाकडाचा. मग आंबट, इथे, जिभेच्या कडेला."

किप्यातोरने डोळे मिटले होते. "मग?"

"मग साय. लाल गाईचं आहे, टाळूला चिकटते."

"आणि शेवटी?"

"थांब, सांगते," ती म्हणाली आणि तिने पुन्हा तुंबा तोंडाला लावला. जेसांग गोळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिने सासूला घाई केली नाही.