वाजणारी भांडी

भट्टी उघडली की पंधरा मिनिटं कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, केसासारखे तडे जात असतील, तर गार होताना भांडं बारीक टिणटिणतं. सासरे शेजारी बसून ते ऐकत. चाळीस वर्षं त्यांच्या कानांनी पास केलेलाच माल बाहेर गेला. आल्या-गेल्याला हे सांगताना त्यांची छाती फुगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आज एका बेकरीसाठी केलेली, ओव्हनमध्ये ठेवायची साठ भांडी भट्टीतून बाहेर आली होती. सासऱ्यांनी डोळे मिटले. सून फडकं हातात धरून उभी राहिली. भांडी वाजत होती, एकामागून एक, थांबायचं नाव नाही.

"एकदम गप्प आहेत," सासरे म्हणाले. "भरा खोक्यात."

त्यांना ऐकू येत नाही, हे तिला केव्हाच कळलं होतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला होता, बाबांचं मन मोडवत नाही, त्यांचं त्यांनाच उमजेल. मग दोघांनीही मूग गिळले. आधी पाठवलेली भांडी त्या बेकरीवालीने परत पाठवली, तड्यांत लोणी मुरून वास मारतोय म्हणून. सासऱ्यांनी बेकरीवालीवरच खापर फोडलं. गरम भांडं नळाखाली धरत असणार, दुसरं काय! आता ते तिला तसं पत्र लिहायला बसले होते, आणि पत्रात आपल्या कानांची हमी देत होते.

ते पत्र गेलं असतं, तर म्हाताऱ्याचं हसं झालं असतं. सुनेला ते बघवेना. तिने एक भांडं उचललं, आत शाई चोळली, धुतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. शाई निघाली नव्हती. तळभर निळ्या रेघांचं जाळं उमटलं होतं.

सासऱ्यांनी भांडं खिडकीशी नेलं. बराच वेळ फिरवून पाहिलं. अर्धं लिहिलेलं पत्र त्यांनी स्वतःच फाडलं.

"वाजत होतं?"

"हो, बाबा."

"याआधी?"

"तीन भट्ट्या झाल्या."

ते रडतील, चिडतील, निदान उठून जातील, अशी तिने मनाची तयारी केली होती. तुमचं वय झालं, त्यात काय एवढं, हे वाक्यही तिच्या ओठांवर तयार होतं.

"माझे कान गेले, त्याला माझा इलाज नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुझे तर शाबूत होते ना? मग तीन भट्ट्यांचा माल तू जाऊ कसा दिलास?"

बाकीची भांडी अजून वाजत होती, आणि ती ऐकणारी तिथे ती एकटीच होती.