परत येण्याचं कारण

थोरलीने स्वयंपाकघरातल्या नळाचा झिजलेला वायसर सुरीच्या टोकाने उचकटून काढला, नवा बसवला, आणि ती पान्याने नळ आवळत असतानाच बाहेरचं दार वाजलं. धाकटीचा मुलगा दोन पाकिटं घेऊन आत आला. त्याच्या चालीवरूनच तिने ओळखलं की दोन्ही पाकिटांत एकच उत्तर नाही.

"आधी वरचा कॉक उघड," ती म्हणाली. "मग सांग."

तो जिना चढून गेला. नळात आधी हवा खोकली, मग पाणी आलं. तिने नळ बंद केला आणि मनात दहा आकडे मोजले. एक थेंबही पडला नाही. तेव्हा कुठे ती हात पुसत बैठकीच्या खोलीत आली.

धाकटीला व्हिसा मिळाला होता. पासपोर्टाच्या सातव्या पानावर, तिच्या घाबऱ्याघुबऱ्या फोटोसकट. थोरलीच्या पासपोर्टात मात्र एक घडी घातलेला कागद होता. मुलाने तो वाचला, मग आपल्या भाषेत सांगायला शब्द शोधू लागला.

"मोठी आई, त्यांचं म्हणणं असं की, मुदत संपल्यावर तू परत येशील याची त्यांना खात्री पटत नाही."

"परत येशील म्हणजे?"

"म्हणजे तिकडेच राहून जाशील असं त्यांना वाटतं."

थोरलीला हसू आलं. चाळीस वर्षांत ती या घराबाहेर सलग चार दिवस राहिली नव्हती. धाकटी मात्र हसली नाही. तिने तो कागद मुलाच्या हातून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि घडी न घालताच आपल्या खोलीत नेला.

या दोघी जावा. थोरलीचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटी त्याच सुमारास लग्न होऊन आली आणि टेलिफोन खात्यात नोकरीला होती ती तशीच राहिली. ती सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायची. मुलगा झाला तो थोरलीच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्याचा अभ्यास तीच घ्यायची. स्वतःची शाळा नववीत सुटली होती, त्यामुळे त्याची पुस्तकं ती त्याच्याहून मन लावून वाचायची. भूगोलाच्या पुस्तकात हिमनदीचा धडा होता. बर्फाची नदी, गोठलेली, तरी रोज थोडी थोडी सरकते. मुलगा तो धडा परीक्षेनंतर विसरला. ती विसरली नाही.

धाकटी निवृत्त झाली, दोन वर्षांनी तिचा नवराही गेला. वर्ष उलटल्यावर एकदा भाजी निवडता निवडता तिने सहज विचारलं होतं, "ताई, आता कुठेतरी जाऊन येऊ या. कुठे जायचं?"

"हिमनदी बघायची," थोरली म्हणाली होती. उत्तर इतकं तयार होतं की धाकटी हातातली जुडी तशीच धरून बसली.

म्हणून हा सगळा खटाटोप. अर्ज थोरलीने स्वतःच्या हाताने भरला होता, एकही खाडाखोड न करता. पती, हयात नाही. अपत्ये, रेघ. नोकरी, रेघ. स्थावर मालमत्ता, रेघ. भरताना तिला त्यात काही खटकलं नव्हतं. खरं होतं तेच तर लिहिलं होतं.

संध्याकाळी ती धाकटीच्या खोलीत गेली.

"तू जाऊन ये. तिकीट वाया घालवू नकोस. मला फोटो दाखव म्हणजे झालं."

"तिकीट अजून काढलं नाही," धाकटी म्हणाली. तो कागद तिच्या मांडीवर होता. "मला एक सांगा ताई. भावोजी गेले तेव्हा हे घर यांच्या एकट्याच्या नावावर कसं झालं?"

"सासरे गेल्यावर झालं ते. तू बाळंतपणाला गेली होतीस. कोणीतरी एक नाव लावायला हवं होतं. कचेरीतल्या माणसाने विचारलं, भाऊ किती? एक, म्हणून सांगितलं. तेव्हा एकच होता."

"आणि तुम्ही?"

"मला कोणी विचारलंच नाही. मीही काही म्हटलं नाही. घरातच तर होते."

धाकटीने मान हलवली आणि विषय सोडला. निदान थोरलीला तसं वाटलं.

पुढचे दोन-तीन महिने धाकटी सारखी बाहेर जाऊ लागली. विचारलं की पेन्शनच्या कामाचं नाव सांगायची. परतायची तेव्हा तिच्या चपला धुळीने भरलेल्या असायच्या आणि तोंड आंबलेलं. एकदा दुपारी मायलेकांचा आवाज बंद दारातून बाहेर आला. मुलगा म्हणत होता, "पण आई, आत्ताच कशाला? पुढे बघू ना." आणि धाकटीचा आवाज चढला, "पुढे म्हणजे कधी?" थोरलीला वाटलं, प्रवासावरूनच वाजलंय. आपल्यापायी मायलेकांत बिनसायला नको, असं मनाशी म्हणत ती गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत बसली. मुलगा थोड्या वेळाने वर आला. कठड्याशी उभा राहिला, मग तिच्या हातातली चादर घेऊन दुसऱ्या टोकाने घडी घालायला लागला. लहानपणी घालायचा तशी.

दोन दिवसांनी धाकटीने कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"पुन्हा अर्ज करायचाय. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तिथे सही करा."

"तुझा व्हिसा तर आहे."

"त्याची मुदत संपत आली. दोघींचा मिळून नवा करू."

थोरलीने चौदा सह्या केल्या. वाचायचं म्हणून चष्मा डबीतून बाहेर काढला होता, पण धाकटी समोर बसून पानं उलटत होती आणि तिच्यासमोर वाचत बसणं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

या वेळी वकिलातीने दोन महिन्यांनी दोघींना मुलाखतीला बोलावलं. लांबट खोली, ओळीने मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर जाड काचेच्या चार खिडक्या. लोक आपापल्या फायली छातीशी धरून बसले होते. आधी धाकटीचा नंबर लागला. पाच मिनिटांत ती मोकळी झाली. मग थोरलीचा आकडा पाटीवर उजळला.

काचेपलीकडे एक तरुण अधिकारीण होती आणि तिच्या शेजारी दुभाषा, टापटीप केस विंचरलेला मध्यमवयीन माणूस. अधिकारीण फाईल चाळता चाळता विचारायची, तो ते मराठीत सांगायचा.

"कशासाठी जायचंय?"

"हिमनदी बघायला."

"तिकडे कोण नातेवाईक?"

"कोणी नाही."

"सोबत कोण?"

"माझी जाऊ."

दुभाषा जरा अडखळला. त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण त्याला तीन वाक्यं लागली. अधिकारिणीने थोरलीकडे पाहिलं, मग पुन्हा फाईलकडे.

"राहतं घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या धाकट्या—" थोरलीने सुरुवात केली.

"बाई," दुभाषा मध्येच म्हणाला, "इथे दोन नावं आहेत."

त्याने एक कागद उलटा करून काचेला लावला. थोरलीने पर्समधून चष्मा काढला. घराचा उतारा होता. मालकांच्या रकान्यात धाकटीचं नाव होतं, आणि त्याच्या वर, क्रमांक एकला, तिचं स्वतःचं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पुढे, हिस्सा निम्मा. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. खाली ना-हरकत म्हणून मुलाची सही होती. त्याची सही ती हजारात ओळखली असती, शाळेच्या वहीवर तिनेच त्याला गिरवायला लावली होती.

तिने मागे वळून पाहिलं. धाकटी खुर्चीवर बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. इतकं मन लावून शोधत होती की तिने वर पाहिलंच नाही.

"बाई? घर तुमचं आहे का, असं विचारतायत."

थोरलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हो," ती म्हणाली. "निम्मं माझं आहे."

अधिकारिणीने पेन खाली ठेवलं आणि पुढचा प्रश्न कागदाकडे न बघता विचारला. दुभाष्याने सांगितलं, "त्या म्हणतायत, मागच्या वेळी नकार दिला होता. तुम्ही परत का याल, ते तुमच्या शब्दांत सांगा."

या प्रश्नाचं उत्तर मुलाने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"परत न येऊन कसं चालेल?" ती म्हणाली. "गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकतो. त्याला डावीकडून हळूच टिचकी मारावी लागते, उजवीकडून मारली की तुटतो. ते माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तिला यंदा गिलावा करायचाय. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे, नवा माणूस हमखास ठेचकाळतो, ती मला तासून घ्यायचीय. इतकी वर्षं म्हणत होते, करू कधीतरी." ती थांबली. "दहा दिवसांच्या वर मला राहताच येणार नाही."

दुभाष्याने सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट, टिचकीसकट. अधिकारिणीच्या ओठांचे कोपरे हलले. तिने फाईलवर काहीतरी लिहिलं आणि शिक्का उचलला.

दुभाषा काचेच्या भोकाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आमचाही अडकतो. डावीकडूनच ना?"

"डावीकडून. आणि हळू."

दोघी रस्त्यावर आल्या. बसस्टॉपवर सावली होती, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. एक बस आली, ती त्यांची होती, तरी दोघींपैकी कोणीही हात दाखवला नाही.

"मला सांगितलं नाहीस," थोरली म्हणाली.

"सांगितलं असतं तर सह्या केल्या असत्या तुम्ही?"

"नसत्या."

"म्हणूनच."

"व्हिसासाठी एवढं करायला हवं होतं का?"

धाकटीने रस्त्याकडे बघत उत्तर दिलं. "व्हिसासाठी नाही केलं ताई. त्या कागदात लिहिलं होतं ना, ही बाई परत कशावरून येईल. मी रात्रभर विचार करत होते की त्याला उत्तर काय द्यावं. आणि मला दाखवायला एक चिठोराही सापडेना." तिने पर्सची चेन ओढून लावली. "माझ्या घरात राहून तुमची ही गत. लाज वाटली मला."

थोरलीने तिच्या खांद्यावरची निसटलेली पर्स वर सरकवली.

"निम्मं म्हणजे नेमकं कुठलं निम्मं?"

"तुम्हाला हवं ते घ्या."

"जिना मला," थोरली म्हणाली. "तुझ्या हाती दिला तर त्या पायरीवर कोणीतरी तंगडी मोडून घेईल."

धाकटी हसली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे टिपले. पुढची बस आली तेव्हा मात्र दोघी चढल्या. थोरली आधी चढली आणि तिने खिडकीची जागा धरली.

आठवड्याभरात पासपोर्ट आले. मुलाने दोन्ही पाकिटं टेबलावर फोडली, दोन्ही व्हिसा शेजारी शेजारी ठेवले आणि लॅपटॉप उघडला. धाकटी सामानाची यादी करत होती. थोरलीने नकाशा पसरला होता आणि एका रेल्वेमार्गावरून बोट फिरवत होती. रेल्वे त्या हिमनदीशी थांबत नव्हती, पुढे तळ्यांच्या बाजूला आणि तिथून समुद्रापर्यंत जात होती.

"जायची तारीख ठरली," मुलगा म्हणाला. "यायचं तिकीट दहाव्या दिवसाचं काढतो."

"त्यांनी किती दिवसांची मुदत दिली आहे?" थोरलीने मान वर न करता विचारलं.

"तीस. पण ती नुसती वरची मर्यादा असते, मोठी आई. तेवढं राहायलाच हवं असं नाही."

"तिसाव्या दिवसाचं काढ."

धाकटीचं पेन थांबलं. "अहो, महिनाभर? आणि घर?"

"घर कुठे पळून चाललंय," थोरली म्हणाली, आणि तिचं बोट तळी ओलांडून पुढे निघालं.