समुद्राकडची खोली

शंकररावांनी गॅलरीतून आत येऊन फोन जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "महाबळेश्वरचंही काढून टाक."

अश्विनीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. केली असती तर तोंडून काहीतरी निघालं असतं, आणि रविवारच्या सकाळी तिला वडिलांशी भांडायचं नव्हतं.

"आता त्याला काय झालं?"

"जिना अरुंद आहे. तुझ्या आईचे गुडघे पाहिलेस ना?"

"बाबा, खोली तळमजल्यावरची आहे. मुद्दाम तीच घेतली मी."

"मग ओल असणार," शंकरराव म्हणाले आणि माठातलं पाणी घ्यायला गेले.

हे तिसरं. वेरूळचं हॉटेल गेलं, कारण तिथल्या पाण्याला म्हणे वास येतो. नाशिकचं गेलं, कारण खाली लग्नाचा हॉल आहे. अश्विनीने पाच गावांची पाच हॉटेलं निवडायला तीन आठवडे घातले होते. स्वस्तातलं हॉटेल निवडायला सोपं, महागातलं त्याहून सोपं. डोकं जातं ते मधल्या भावाचं निवडताना. वेरूळला डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, महाबळेश्वरला दोन रजया पुरत नाहीत, कोकणात मच्छरदाणी विचारून घ्यावी लागते. कुठल्या फोटोतला पलंग खरा आणि कुठला पाच वर्षांपूर्वीचा, हे तिला आता चादरीवरून ओळखू येत होतं. ऑफिसात ती चाळीस माणसांचं वेळापत्रक बसवायची. इथे माणसं तीनच होती, आणि घोडं रोज एकाच माणसापाशी अडत होतं.

आणि हा सगळा खटाटोप आईसाठी होता. गीताबाईंचा जन्म हैदराबादकडच्या लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टर्समधला. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी. मराठी मुलूख म्हणून त्यांनी धड पाहिला तो नांदेडपर्यंत, तोही लग्नं आणि दिवसांच्या निमित्ताने. मुलं लहान असताना सुट्टीत रेल्वेचा पास निघायचा, पण मुक्काम नेहमी कुणा ना कुणा नातेवाइकाकडे, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला. गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत करायचं ठरलं, तेव्हा त्या डॉक्टरसमोरच म्हणाल्या होत्या, "त्याच्या आधी एकदा दुसऱ्यानं घातलेल्या अंथरुणावर झोपून घेते." डॉक्टर हसले. अश्विनीला मात्र रडू आलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तिने दहा दिवसांची रजा टाकली होती. आता निघायची तारीख बारा दिवसांवर आली होती. आबिड्सच्या बाजारातून आणलेली चाकांची बॅग कपाटाशेजारी उभी होती आणि गीताबाई तिच्यात एक साडी ठेवत, दोन काढत. विचारत मात्र काही नव्हत्या. त्यांचं ते न विचारणंच अश्विनीच्या जिवाला खात होतं.

बाबांचं तिला कोडं पडलं होतं. छत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड. आज काझीपेठ, उद्या वाडी, परवा बल्लारशा. प्रत्येक ठिकाणी रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांना टेकायला रेल्वेने बांधलेल्या खोल्यांमध्ये, लोखंडी खाटांवर हा माणूस बिनतक्रार झोपला. जन्मभर हिरवा झेंडा दाखवणाऱ्याने आताच चालत्या गाडीला खीळ का घालावी? महाडच्या मुक्कामाची मात्र त्यांना काळजी नव्हती. तिथे युनियनमधल्या एका मित्राचा भाऊ राहायचा. त्याच्याशी बोलताना ते 'जयभीम'ने सुरुवात करून अर्धा अर्धा तास हसत.

"कोल्हापूरचा नंबर दे," पाणी पिऊन झाल्यावर शंकरराव म्हणाले. "विचारून घेतो जरा."

"मी विचारलंय सगळं. गरम पाणी, पार्किंग, नाश्ता."

"तू विचारलंस गं. मीही विचारतो."

तिने नंबर दिला. ते गॅलरीत गेले आणि जाळीचं दार त्यांनी ओढून घेतलं. अश्विनीची बोटं टेबलावर वाजत राहिली. मग ती उठली. तारेवरचे कपडे काढायचं निमित्त होतंच.

"नमस्कार, हैदराबादहून बोलतोय," शंकरराव फोनवर सांगत होते. आवाज परका होता, कडक इस्त्रीचा. "हौ, बारा तारखेचं बुकिंग. नाव लिहून घ्या. शंकर अंबाजी सोनकांबळे. सोनकांबळे. मूळचा देगलूर तालुक्यातला. मी, मिसेस आणि मुलगी."

एवढं सांगून ते गप्प झाले. पाण्याचं विचारलं नाही, जिन्याचं नाही, ओलीचं नाही. फोन कानाला लावून, पाठ ताठ करून नुसते उभे राहिले, इंजिनाची शिटी ऐकायला थांबल्यासारखे.

पलीकडचा आवाज अश्विनीलाही ऐकू आला. "एक मिनिट हां सर. विचारून सांगतो."

"राहू द्या," शंकरराव लगेच म्हणाले. "विचारू नका कुणाला. बुकिंग रद्द करा आमचं."

अश्विनीच्या हातात ओलसर टॉवेल तसाच राहिला.

"काय विचारणार होता तो?"

"लिफ्ट बंद आहे त्यांची."

"लिफ्टचं तुम्ही बोललाच नाहीत, बाबा. मी इथंच होते."

शंकररावांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा स्टँडवर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. 

"एक मिनिट म्हणाला," ते शेवटी म्हणाले.

"मग? मॅनेजरला विचारायचं असेल. सगळेच म्हणतात."

"हौ. सगळेच म्हणायलेत." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोल्हापूरकडे निघालो होतो. वाटेत पुढची गाडी चुकली. स्टेशनसमोर लॉज होता. खोली आहे म्हणाला, चावी दिली. तुझी आई बॅग घेऊन वर गेली. मी खाली रजिस्टरात नाव लिहिलं. त्यानं वाचलं, गाव विचारलं, आणि म्हणाला, एक मिनिट, मालकाला विचारून येतो. आला तर म्हणाला, ती खोली आधीच दिलेली आहे, विसरलो."

अश्विनीने हातातला टॉवेल पुन्हा तारेवर टाकला.

"तोवर ती गादीवर बसली होती. पाय वर घेऊन. तिला उठवावं लागलं मला." चष्मा पुसून झाला तरी ते पुसत होते. "तिला म्हटलं, ढेकूण आहेत इथं. रात्र वेटिंग रूममध्ये काढली आणि सकाळी माघारी आलो. आता एकदा घरून निघालं की निघालं, अश्विनी. तिकडे जाऊन पुन्हा तिला उठवायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. जे काय असेल ते इथंच, फोनवर कळू दे."

"बाबा, आता असं काही राहिलेलं..." अश्विनीने सुरुवात केली आणि तिची जीभ अडखळली. गेल्या वर्षी ऑफिसजवळ फ्लॅट बघताना एजंटने सगळं पक्कं केलं होतं. मग पूर्ण नाव विचारलं, मांसाहाराचं विचारलं. दोन दिवसांनी मालकाचा पुतण्या अमेरिकेहून परत यायचा निघाला. घरी तिने सांगितलं होतं, भाडं परवडत नाही. इतक्या सहज सांगितलं होतं की तिचं तिलाही खरं वाटलं होतं.  वाक्य तिने तसंच सोडून दिलं.

"ढेकूण नव्हते."

जाळीच्या दारात गीताबाई उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठाने माखलेले. कधीपासून, कोण जाणे.

"गादी नवी होती," त्या म्हणाल्या. "कापसाचा वास येत होता. नव्या गादीत कुठनं ढेकूण येणार?"

शंकररावांनी बायकोकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही ढेकूण म्हटलात. मी पण म्हटलं ढेकूण. तुमचं तोंड बघवत नव्हतं त्या टाइमाला." मग त्या मुलीकडे वळल्या. "किती राहिलेत गं?"

"एकच. गुहागर."

"लाव."

"आई, मी बोलते ना."

"नक्को. झोपायचं मला आहे. लाव तू."

अश्विनीने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. गीताबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. पलीकडून एका बाईंनी फोन उचलला.

"गुहागर का? मी गीता शंकर सोनकांबळे. हैदराबादहून बोलायले. आमची एक खोली आहे तुमच्याकडं, दहा तारखेची."

कागद उलटल्याचा आवाज आला. "सोनकांबळे. हो का. एक मिनिट हां."

शंकररावांचा हात कठड्याकडे गेला.

"मिनिट नंतर घ्या बाई, आधी माझं ऐका," गीताबाई म्हणाल्या. "खोलीतून समुद्र दिसतो का?"

 मग बाई म्हणाल्या, "दिसतो की. माडांमधून दिसतो."

"पडल्या पडल्या दिसतो, का उठून खिडकीशी जावं लागतं?"

"उठावं लागेल हो."

"मग ती नक्को. पडून दिसणारी आहे का दुसरी? माझे गुडघे कामातून गेलेत, सारखं उठायला होत नाही."

"वरची आहे एक. पण वीस पायऱ्या आहेत."

"एकदा चढेन आणि दोन दिवस उतरणारच नाही. चहा-जेवण वर पाठवाल?"

"पाठवू. त्याचं काही नाही." बाईंच्या आवाजात आता हसू होतं.

"आणि गादी कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगलीच म्हणणार हो, हॉटेल तुमचं आहे. नवी आहे का?"

"तशी नवीच. थांबा, बघूनच येत्ये, उगाच खोटं नको."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पायऱ्या चढणारी पावलं ऐकू येत राहिली. गीताबाईंनी गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. शेगडीवरचा तवा तापून धूर यायला लागला होता. अश्विनी पळत जाऊन गॅस बंद करून आली.

पावलं परत आली. बाई धापा टाकत होत्या. "गेल्या गणपतीत भरून घेतलेली आहे गादी. उशीला टेकलात की समोर समुद्र. ठेवू का ही तुमच्यासाठी?"

 गीताबाईंनी फोन उचलून नवऱ्यापुढे धरला.

"ठेवू का, विचारायल्यात," त्या म्हणाल्या.

 शंकररावांनी घसा खाकरला. मग वाकून, तोंड फोनच्या अगदी जवळ नेऊन, त्यांनी विचारलं, "सकाळचा चहा किती वाजता मिळतो?"