परतीचा रस्ता भिंगरीकडे

तायडीचं ऑपरेशन चारला होतं. भिंगरी, म्हणजे तिची पाच वर्षांची लेक, सकाळपासून तिच्या खाटेला चिकटून बसलेली. "हिला जरा फिरवून आण," तायडी मला म्हणाली. "पण आत न्यायच्या आधी मला हिला बघायचंय."

मी एक नंबरचा हौशी मामा. परक्या गावात नुसतं काय भटकायचं, पोरीनं काहीतरी शिकावं म्हणून फर्मान काढलं: जाताना तिनं खुणा लक्षात ठेवायच्या आणि येताना मला परत आणायचं.

पोरगी तरबेज निघाली. गळका नळ, कुलपं दुरुस्त करणाऱ्याची टपरी, सुट्टीमुळे बंद असलेली निळ्या दाराची शाळा. एकेक खूण ती बोटानं दाखवून पाठ करत होती. मी कौतुकात इतका बुडालो, की स्वतः काहीच पाहिलं नाही.

परतताना टपरी आलीच नाही, निळं दार मात्र पुन्हा आलं. आता डावीकडे, ती म्हणाली. डावीकडे गोदामांची बंद शटरं, विचारायला चिटपाखरू नाही. फोन मी तायडीच्या उशाशी ठेवून आलेला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं आहे. घाबरलो की मला राग येतो. नीट आठव म्हणून मी तिच्यावर खेकसलो. तिनं उजवीकडे बोट दाखवलं. तिसऱ्यांदा निळं दार आलं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ती रडत नव्हती. ओठ गच्च मिटून उभी होती.

"तुला रस्ता माहीत आहे ना?"

तिनं मान डोलावली.

"मग?"

"आपण गेलो की आईला आत नेतील."

खोटं बोलायलाही वेळ नव्हता. "नाही गेलो तरी नेतील," मी म्हणालो. "फक्त आपण तिथे नसू."

ती पळत सुटली. एकाही वळणावर थबकली नाही. मी धापा टाकत मागे.

तायडीला स्ट्रेचरवर घेऊन नर्स लिफ्टपाशी उभी होती, चांगलीच वैतागलेली. तायडीनं लेकीचा हात घट्ट धरला आणि रस्ता चुकलात का, असं मला विचारलं.

"मीच चुकलो," मी म्हणालो.

"नाही गं आई," भिंगरी म्हणाली. "मी मुद्दाम चुकवला."

मग नर्सनं काही म्हणायच्या आत तिनं आपणहून आईचा हात सोडला.