हरणाचा खांदा

"एक बूट घालाया तुला धा मिन्टं लागत्यात," मी वर्लिनला म्हटलं. "हरीण काय तवर तुजी वाट बगत बसनार हाय?"

सकाळी सहाची वेळ. मी चुलीशी उभी, तो दाराजवळच्या बाकावर. एक बूट चढवला की थांबायचं, चार श्वास घ्यायचे, मग दुसरा हातात घ्यायचा. असा माणूस बंदूक घेऊन डोंगर चढायला निघालेला.

"हरनाला कसली घाई?" तो म्हणाला. "त्येला कुठं कामावर जायाचंय?"

"आनि पडलं तर? घरला आनशील कसं? खेचर मेलं. त्या रानात गाडी जात न्हाई. लेक ऱ्हातोय ओहायोत."

"पाडू तर दे आदी. तू तर हरीण मरायच्या आदीच त्याचं ओझं व्हाया लागलीस."

मला हसू आलं नाही. तीस वर्षं हा माणूस पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांच्या पोटात शिरून कोळसा काढत होता. त्या काळ्या धुळीनं त्याच्या छातीत घर केलं. पुढच्या साली ह्याला चढ चढता येणार नाही, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मागच्या साली हरीण मिळालं नव्हतं, तेव्हा अख्खा हिवाळा आम्ही घेवडा आणि मक्याची भाकरी खाऊन काढला. आमची मांस ठेवायची थंड पेटी तेव्हापासून रिकामीच होती. पण खरं सांगू का, मला मांसापेक्षा त्याचा घोर लागला होता. ह्या खेपेला तो हात हलवत परत आला असता, तर खिडकीपाशी खुर्चीत बसला असता आणि पुन्हा उठला नसता. असा एकेक बसलेला पुरुष आमच्या खोऱ्यात दर दोन घरांआड आहे. म्हणून मी फार अडवलं नाही. डब्यात भाकरी बांधून दिली आणि दार लावून घेतलं.

आठाच्या सुमाराला बार ऐकू आला. एकच. एकच बार झाला म्हणजे नेम लागला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी सुऱ्या घासून ठेवल्या, मिठाचं पाणी केलं. नऊ वाजले. दहा वाजले. नोव्हेंबर अर्धा संपला होता, पण त्या दिवशी ऊन असं तापलं की अंगणात माशा घोंगावायला लागल्या. अशा उन्हात हरीण दुपारपर्यंत सावलीला टांगलं नाही तर हाडापासून आंबायला लागतं. मी दोर घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि नवऱ्याला शिव्या घालत डोंगराची धार चढले.

धारेच्या पलीकडं लॉरेलच्या झुडपांची जाळी आहे. वर नुसती हिरवी पानं आणि खाली वाकडीतिकडी खोडं, अशी एकमेकांत अडकलेली की कुत्र्यालासुद्धा पोटावर सरपटावं लागतं. त्या जाळीच्या खालच्या अंगाला वर्लिन झाडाला टेकून बसला होता. शेजारी हरीण. आठ टोकांच्या शिंगांचा दांडगा नर. पोट फाडून आतडी काढलेली, कानाला परवान्याची चिठ्ठी बांधलेली. लांबून हलती शिंगं बघून दुसऱ्या कुणी बार टाकू नये म्हणून शिंगांना त्यानं आपलं नारिंगी जाकीट गुंडाळलं होतं. सगळं रीतसर.

पण दोर त्यानं मागच्या पायांना बांधला होता.

हरीण ओढायचं ते डोक्याकडून. पुढचे पाय मानेशी बांधायचे आणि शिंगांना दोर लावायचा, म्हणजे केस अंगाबरोबर बसतात आणि धूड घसरत येतं. पायांकडून ओढलं की केस उलटे होतात, प्रत्येक काटकी धरून ठेवते. वर्लिन सात वर्षांचा असल्यापासून हे जाणत होता. त्याचे ओठ निळे पडले होते, त्याची मला सवय होती. पण तो उलटा दोर बघून मला कळलं, हवा आता ह्याच्या डोक्यालाही पुरत नाही.

"किती वढलंस?" मी विचारलं.

"त्या दगडापास्नं." दगड वीस पावलांवर होता.

"दोन तासांत?"

"मदी मदी बसलो."

मी दोर सोडला आणि शिंगांना बांधला. तो बघत राहिला. मग म्हणाला, "आस्सं व्हय," आणि मान फिरवली.

"तुकडे करू," मी म्हटलं. "दोन खेपात न्हेऊ."

"चार खेपा व्हतील. त्या चढावं चार खेपा तू करनार? तुज्या त्या गुडघ्यावं?"

बरोबर होतं त्याचं. माझ्या डाव्या गुडघ्यानं धार चढतानाच कुरकुर सुरू केली होती. चढ सरळ उभा. खाली मात्र उतार होता. ओढ्याच्या कडेनं गेलं की मोकळं कुरण, आणि कुरणाच्या टोकाला लाकडी पूल. पुलाच्या पलीकडं रस्ता होता. तिथं आमची गाडी आणून लावता आली असती. मधे फक्त एक अंगण होतं. डॅलसचं.

"खालनं जाऊ," मी म्हटलं.

"त्येच्या अंगनातनं?"

"मग काय हरनाला पंख लावू?"



डॅलस हा वर्लिनचा थोरला भाऊ. दोघं एकाच खाणीत, एकाच पाळीत, एकाच डब्यातलं खाणारे. अकरा वर्षांपूर्वी शिकारीला गेले असताना वर्लिनचा नेम चुकला. आमच्याकडं नेम चुकला की बरोबरची माणसं त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापतात आणि कोठाराच्या भिंतीला खिळ्यानं ठोकतात. पुढं त्यानं हरीण पाडलं की आपल्या हातानं ते उतरवायचं. सगळं हसण्यावारी. डॅलसनं सुरी घेतली आणि दहा जणांसमोर वर्लिनचा सदरा कापला. पण तो सदरा त्यांच्या आईनं शिवलेला होता, अंथरुणाला खिळायच्या आधीचा तिचा शेवटचा. ती जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. वर्लिन तिथून उठून आला तो आलाच. त्यानंतर त्यानं सहा हरणं पाडली, पण तो तुकडा काढायला भावाच्या कोठाराकडं पाऊल टाकलं नाही. "त्याचं नाव ह्या घरात घ्यायाचं न्हाई," असं मला बजावलं, आणि मीही घेतलं नाही.

आता वर्लिननं उन्हाकडं बघितलं. हरणावर बसलेली माशी हातानं उडवली.

"अंगनातनं न्ह्यायचं म्हंजी खांदा द्यावा लागंल," तो म्हणाला. ज्याच्या अंगणातून हरीण जाईल त्याच्या ओसरीवर पुढचा एक खांदा ठेवायचा, ही आमची जुनी रीत.

"देऊ की. खांदाच मागतोय, काळीज न्हाई मागत."

मग आम्ही ओढायला लागलो. म्हणजे मी ओढायला लागले. तो मागून शिंगं सोडवायचा, कुठं खोड आडवं आलं की धूड उचलून धरायचा, आणि दर दहा पावलांनी बसायचा. मी माघारी बघत नव्हते. त्याला बसलेलं बघितलं की मी थांबणार आणि मी थांबले की तो चिडणार. दोर माझ्या खांद्यात रुतला. एकदा माझा पाय घसरला आणि मी, हरीण आणि दोर असे तिघं दहा-बारा हात खाली गेलो. वरून त्याचा आवाज आला, "ज्युवेल, लागलं का गं?"

"न्हाई. तेवडीच वाट कमी झाली."

त्याला हसू आलं आणि त्या हसण्यानं खोकला आला. तो खोकला कितीतरी वेळ थांबेना. मी खाली पाचोळ्यात बसून ऐकत राहिले आणि मनाशी म्हटलं, देवा, हरीण कुजलं तरी चालेल, ह्याला एवढा खाली उतरू दे.

साडेबाराला आम्ही कुरणात आलो. डॅलस ओसरीवर खुर्चीत बसला होता. त्याची नजर आमच्यावरच होती. वर्लिन अंगणात आला, थांबला, आणि ओसरीकडं न बघता म्हणाला, "अंगनातनं जायाचंय."

अकरा वर्षांनंतरचे पहिले शब्द.

"दिसतंय," डॅलस म्हणाला.

"खांदा ठिवतो."

"ठिव. रीतच हाय."

वर्लिननं सुरी काढली, खाली वाकला आणि त्याचा दम संपला. ओसरीच्या पायरीवर तो बसला तो पडल्यासारखाच. तोंड उघडं, आवाज नाही. मी धावले. तेव्हा त्यानं मान वर केली आणि त्याला ते दिसलं. डॅलसच्या नाकात नळी होती. नळी खाली पायाशी उभ्या असलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यात गेली होती, आणि नळकांडं दोन चाकांच्या एका लोखंडी गाड्यावर बांधलं होतं.

"ह्ये... कदीपास्नं?" वर्लिननं विचारलं.

"एप्रिलपास्नं. दोन तास बगतोय तुमास्नी. वर नारिंगी दिसत व्हतं. उठून यावं म्हनलं, पर ह्यो गाडा कुरनात रुततोय."

वर्लिन माझ्याकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं. चर्चमदी बाया बोलत्यात. नाव घेऊ नगं म्हनालास, म्या घेतलं न्हाई."

हे मी तोऱ्यात म्हटलं खरं, पण माझी मलाच लाज वाटली. नवऱ्याचा शब्द पाळते म्हणून मी सात महिने त्या माणसाला एकटं बसू दिलं होतं.

डॅलसनं नाकातली नळी काढली आणि पुढं केली. "घे. धा श्वास."

"तुजं तुला ऱ्हाऊ दे."

"खांदा ठिवतोयस न्हवं? म्या फुकाट घेनाऱ्यातला न्हाई. घे गुमान."

वर्लिननं घेतली. दहा श्वास त्यानं, दहा भावानं, परत दहा ह्यानं. दोन म्हातारे, एक खुर्चीत, एक पायरीवर, नळी इकडून तिकडं. मी बघत बसले असते तर रडले असते. म्हणून सुरी उचलली आणि हरणाचा खांदा कापायला घेतला.

"बायकांनी वढायचं, बायकांनी कापायचं," मी म्हटलं, "आनि पुरुसांनी बसून वारा खायाचा. झ्याक चाललंय तुमचं."

"ज्युवेल आजून तशीच हाय की रं," डॅलस म्हणाला.

"वाढलीया," वर्लिन म्हणाला.

पुढचा घोर पुलाचा होता. उन्हाळ्यातल्या पुरानं मोठा पूल नेला, तेव्हापासून डॅलसच्या बाजूला गाडी येत नाही. जायला-यायला तो एक दोरखंडांवरचा फळ्यांचा पूल, एका माणसाच्या रुंदीचा. फळ्यांच्या फटीत शिंगं अडकणार, हे उघड होतं. डॅलसनं थोडा वेळ पुलाकडं बघितलं. मग वाकून गाड्याचा पट्टा सोडला आणि नळकांडं खुर्चीला टेकवून ठेवलं.

"गाडा घ्या," तो म्हणाला.

"आनि तू?" मी विचारलं. नळी जेमतेम दोन हात लांब होती. गाडा गेला की तो खुर्चीला बांधल्यासारखा.

"म्या कुठं नाचाया जातोय? पर माघारी आना. मला परसाकडं जायाचं आसतंय."

धूड गाड्यावर बांधलं. मी घरून गाडी आणून पुलापलीकडं लावली. मग वर्लिन ओढायला आणि मी ढकलायला, असं पावलापावलानं हरीण पूल ओलांडून गेलं. गाडीत चढवल्यावर मी गाडा घ्यायला हात पुढं केला, तर वर्लिन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. म्या न्हेतो."

मी गाडीजवळून बघत होते. त्यानं गाडा ओसरीवर नेऊन ठेवला. मग तिथं न बसता कोठाराकडं निघाला. पन्नास पावलांचा चढ. चार वेळा थांबला. मांस तापत होतं, म्हणून मी घरी आले आणि ते अख्खं हरीण एकटीनं झाडाला टांगलं.

तो दिवस मावळताना आला. त्यानं खिशातून तो तुकडा काढून माझ्यापुढं ठेवला. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, ऊनवाऱ्यानं पांढरा पडलेला.

"त्येला ठावं व्हतं," तो म्हणाला. "सदरा आईनं शिवलाय ह्ये ठावं व्हतं, आनि तरी कापला."

"कशापायी?"

"आई त्येलाबी शिवनार व्हती. कापड आनून ठिवलं व्हतं तिनं. ऱ्हाऊन गेला."

मग तो कपड्यांच्या पेटीपाशी गेला आणि तळातून सदरा काढला. अकरा वर्षं मला कळू न देता ठेवलेला. पेटीतल्या अंधारात त्याचा निळा रंग जसाच्या तसा होता. मी निळ्या सदऱ्याला पांढरं टोक शिवून दिलं. अंगात घातला तर दोन माणसं मावतील एवढा सैल झाला होता.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज मांस खाल्लं, आणि वर्लिन दर दोन दिवसांनी पूल ओलांडून भावाकडं जाऊन बसायचा. फेब्रुवारीत डॅलस गेला. मोठा पूल अजून बांधला नव्हता. शवपेटी न्यायची ती त्याच फळ्यांवरून. चार माणसांना तिथं शेजारी शेजारी चालता येईना, म्हणून पेटीचं एक टोक त्या दोन चाकांच्या गाड्यावर ठेवलं, आणि मागचं टोक खोऱ्यातल्या दोघांनी धरलं. पुढून गाडा ओढायला वर्लिन उभा राहिला. अंगात कोट नाही, तो निळा सदरा, पांढरं टोक मागं बाहेर काढलेलं.

पुलाच्या मधोमध तो थांबला. ओठ निळे पडले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "वर्लिन, तू हो बाजूला. आमी वढतो."

"न्हाई," तो म्हणाला. "माजं हरीण त्येच्या गाड्यानं पार झालंय."

तो आणखी तीनदा थांबला. कुणी घाई केली नाही.