टिश्यूची सहा पाकिटं

ब्लॉक २१४ च्या तळमजल्यावर लिफ्टसमोर सहा जुन्या खुर्च्या होत्या. कोणीतरी टाकून दिलेल्या, म्हाताऱ्यांनी जमवलेल्या. कोण कुठे बसतं आणि का, याचा नकाशा विद्यापीठातल्या नाधिराने वर्षभर तिथेच बसून काढला. याच खुर्च्यांवर या इमारतीचा शेजार टिकून आहे, असं रहिवाशांची नावं बदलून लिहिलेल्या तिच्या अहवालात होतं. देखभाल कार्यालयाने त्यातला नकाशा तेवढा पाहिला आणि सोमवारी खुर्च्या उचलून नेल्या. आता तिथे सायकल स्टँड बसणार होते.

मंगळवारी सकाळी नाधिरा धावत आली. "आंटी, माझ्यामुळे झालं हे."

एकोणऐंशी वर्षांच्या स्वी गेक आंटी उघड्या फरशीकडे बघत उभ्या होत्या. "रडायचं तर नंतर रड. नकाशा आणलायस?"

"आणलाय."

"मग सांग, माझी खुर्ची कुठे होती?"

"आधी माझी बघ," शेजारच्या रोकिया म्हणाल्या. "खांबाच्या डाव्या अंगाला, वारा येतो तिथे. हिला काय, ही फरशीवरही घोरते."

नाधिरा नकाशा बघून जागा दाखवत गेली. आंटी पिशवीतून टिश्यूची पाकिटं काढून एकेका जागेवर ठेवत गेल्या. मग रोकिया वर निघून गेल्या.

दहा वाजता देखभाल कार्यालयाचे अधिकारी तेओ दोन कामगारांना घेऊन आले. कामगारांनी ड्रिल जोडलं, फरशीवरची पाकिटं पाहिली आणि थांबले.

"उचला ती," तेओ म्हणाले.

"पाकीट ठेवून कोणीतरी जागा धरलीय, सर," एक कामगार म्हणाला.

तेओ स्वतः वाकले.

"तेओ," आंटी म्हणाल्या, "दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेल्यावर स्टॉलवरून भात आणायला उठतोस तेव्हा टेबलावर काय ठेवून जातोस?"

"टिश्यू."

"परत येईपर्यंत कोणी बसतं तिथे?"

"नाही. पण आंटी, हे टेबल नाही."

"पाकीट तेच आहे. उचल आणि दाखव."

तेओंचा हात पाकिटाजवळ गेला आणि तिथेच राहिला. भोवती शेजारी जमले होते. तेओ सरळ झाले, शर्ट नीट केला. "वरिष्ठांना विचारून येतो."

"सावकाश ये."

लिफ्ट उघडली. रोकिया आपल्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत बाहेर आल्या. खांबाजवळचं पाकीट उचलून त्यांनी खिशात टाकलं आणि तिथे खुर्ची मांडून बसल्या. आंटी आपली खुर्ची आणायला निघाल्या.

लिफ्टच्या दारातून त्या नाधिराला म्हणाल्या, "हेही लिही. आणि या वेळी आमची नावं बदलू नकोस."