पंचनाम्यातली जागा

पंचनाम्यात खोटं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी फॉरेस्टमधला रोजंदारीवरचा मजूर, पण अक्षर चांगलं म्हणून हातातली कुऱ्हाड काढून पेन दिलेलं. बोदवडकडचा, बौद्ध, सातवी पास. सातपुड्यातल्या त्या राउंडचं, म्हणजे वनपालाच्या हद्दीचं, नाव लिहीत नाही. कुठलंही घाला, फरक पडणार नाही. ऑफिसात माझा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. सरकारी कागद मात्र सगळे माझ्याच हातून जायचे. कागदाला विटाळ होत नाही, असं दिसतं.

गोष्ट वना भिलाची आहे. पन्नाशीचा माणूस, बारीक, बोलायला कमी. ८६ साली तो भाचीच्या लग्नाला निघाला होता. एका हातात आहेराची पितळी घागर, खांद्याला तीरकामठा. आमच्या वनपालाने, म्हणजे मगनसाहेबाने, त्याला डांबरी रस्त्यावर धरलं. 'शिकारीच्या तयारीत मिळून आला' असं साहेबाने सांगितलं आणि मी लिहिलं. घागरीचा उल्लेख केला नाही. केस पुढे गेली नाही, पण कामठा जप्त झाला. त्याला चौदा नंबरची चिठ्ठी बांधून मी स्टोअरमध्ये ठेवला.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी वना ऑफिसच्या पायरीशी येऊन बसायचा.

"साहेब शे का?"

"नाही."

साहेब आत असायचे. ते त्याला ऐकूही यायचे. तासभर बसून तो उठायचा.

एकदा मी म्हटलं, "वनाभाऊ, दुसरा कर ना. जंगलात बांबू काय कमी आहे?"

"बांबू शे. पन तीन वरीस चुल्हावर धूर खावाडना पडस. मंग तो वाकस, मोडस नही." मग म्हणाला, "खांदाले काहीच नही ना, तं चालता येस नही नीट. एकीकडे जास मानूस."

दोन वर्षं तो असा एकीकडे जात चालला.

८८ साली जेठात धोंड्याचा महिना आला. मगनसाहेबाचे वडील वारलेले, म्हणून बहिणीच्या नवऱ्याचा मान साहेबाच्या घरी. जावईबापू म्हणजे गुलाबराव. चाळीसगावला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान, पोट पुढे, केसांना सुवासिक तेल. ताटात पुरणाचे तेहतीस धोंडे, चांदीची वाटी, शर्टपीस. जावईबापूंनी वाटी बाजूला सारली.

"दादा, ही भांडी घरी पुष्कळ आहेत. तुमच्याकडे जंगल आहे. आपल्याला हरीण मारायचं. आणि बंदुकीने नाही. बाणाने."

तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीवर बाण सुटायचे. गावेच्या गावे एका टीव्हीपुढे बसायची. त्यातून बऱ्याच लोकांचा समज झाला होता की बाण ही मनात आणून सोडायची गोष्ट आहे.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. हरीण मारायला कायद्याने बंदी आहे, आणि त्या राउंडमध्ये कायदा म्हणजे मगनसाहेब. त्यांनी पान लावता लावता विचार केला आणि पुढच्या बाजाराला पायरीवर बाहेर आले.

"वना, कामठा पाहिजे ना?"

"हा."

"जावईबापूंना बसायला जागा काढून दे. कामठा ते वापरतील. दुसऱ्या दिवशी तू घेऊन जा."

वनाने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी सोडली आणि कामठा बाहेर आणला. वनाला हात लावू दिला नाही. साहेबांनी सरळ जावईबापूंच्या हातात दिला. जावईबापूंनी तो उलटा धरला.

जागा शोधायला वनाने तीन दिवस घेतले. साहेबांनी नजर ठेवायला मला पाठवलं. मला वाटलं होतं, माणूस एखादं झुडूप दाखवेल आणि मोकळा होईल. तो आधी पाण्यावर गेला. त्या उन्हाळ्यात चार मैलांत एकच डोह उरला होता, नाल्याच्या वळणावर, बैलगाडीएवढा. वना काठाला न जाता लांबूनच खूर बघत फिरला. कुठल्या वाटेने येतात, कुठल्या वाटेने परततात. येणारी वाट वेगळी होती, जाणारी वेगळी. लेंडी बोटाने फोडून बघायचा. दर तासाला मुठीतून धूळ सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. सकाळी वारा डोंगरावरून खाली यायचा, दुपारनंतर नाल्यातून वर चढायचा. हे त्याला माहीत होतंच. तरी तो बघत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने जागा काढली. परतीच्या वाटेला एक अंजनाचं झाड, त्याच्या बुडाशी गुडघाभर दगडांची नैसर्गिक ओळ. वाट तिथून वीस पावलांवर. ऊन पाठीशी, वारा तोंडावर. डोह तिथून दिसतच नव्हता, मधे टेकाड.

"पाणी दिसत नाही इथून," मी म्हटलं.

"पानीवर बठतस नही."

"का?"

"तिले पानी पेवू द्यानं. पिसनी चालनी का मंग मारानं. आमना घरनी रीत शे. मना बाप तहानेल जनावरले कधी मारे नही."

दुसऱ्या दिवशी जावईबापू जागा बघायला आले. दगडावर बसले, उठले, मागचं झाडलं.

"इथे मुंग्या आहेत."

"शेतस," वना म्हणाला.

"आणि पाणी कुठाय? हरीण पाण्यावर येतं का झाडावर?"

"वाट आठे शे, शेठ."

"वाट कशाला बघायची? एस.टी. आहे का?" जावईबापू हसले. साहेबही हसले. मीही थोडा हसलो, रोजंदारीवर होतो. मग जावईबापू टेकाड उतरून डोहाच्या काठी गेले, उंबराच्या सावलीत उभे राहिले आणि म्हणाले, "ही बघ जागा. तीन दिवस लावले या माणसाने. मी पाच मिनिटांत काढली."

वनाने मुठीतली धूळ सोडली. ती जावईबापूंच्या पाठीकडून निघून डोहावर गेली.

"वारा तुमना पाठमांगे शे. तेलना वास पार डोंगरवर जाई."

"महागाचं तेल आहे. हरणाला आवडेल."

"शेठ, तठे बठतस नही."

"तू नको बसू," साहेब म्हणाले.

दुपारी चार वाजता जावईबापू उंबराखाली लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसले. डोक्यावर टोपी, शेजारी मी थर्मास घेऊन. वना दहा पावलं मागे उकिडवा. साडेपाचला एक चितळाची मादी आली. वास तिला आला होता. ती तीनदा वळून गेली आणि तीनदा परत आली. जावईबापूंना वाटलं, जागा चांगली आहे. प्यायला दुसरीकडे कुठे पाणी नव्हतं, एवढंच खरं होतं.

ती काठाला आली आणि मान खाली घातली. मागून वना हळूच म्हणाला, "पेवू द्या तिले."

जावईबापूंनी बाण सोडला. नेम मानेवर होता, बाण उजव्या मांडीत मागे घुसला. ती उडाली आणि गेली. तोंड पाण्याला लागलं नव्हतं.

"लागला," जावईबापू म्हणाले.

वना तिच्या मागावर गेला. दीड मैल गेली ती, रक्त गाळत. पाड्याच्या हापशाजवळ येऊन पडली, जिथे चाळीस बायका पाण्याच्या रांगेत उभ्या होत्या. बायकांनी हरीण पाहिलं, बाण पाहिला. वनाची बायको तानुबाई त्या रांगेत होती. तिने कामठ्याचा तीर ओळखला आणि हंडा खाली ठेवला. एवढ्यात रस्त्याने वरच्या साहेबांची जीप आली. ते दौऱ्यावर होते. ते उतरले, बघितलं आणि मगनसाहेबांना निरोप पाठवला की उद्या सकाळी दहापर्यंत आरोपीसह कागद माझ्या टेबलावर पाहिजे.

जावईबापूंना त्याच संध्याकाळी गाडीत बसवून दिलं. सोबत उरलेल्या धोंड्यांचा डबा. सकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांना काय लिहायचं हे सांगायला गडबडीत कोणालाच सुचलं नाही, म्हणून त्यांनी दिसलं ते लिहिलं. गार्डने जागेचा नकाशा काढला आणि रक्त जिथे होतं तिथे, डोहाच्या काठावर, लाल फुल्या मारल्या. त्यालाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

मग वनाला आणलं.

"हे बघ," साहेब त्याला म्हणाले, "तीर तुझा, कामठा तुझा. दंड होईल फार तर. तो मी भरतो. दे अंगठा."

वनाने बराच वेळ कामठ्याकडे पाहिलं. टेबलावर पडला होता, नवी चिठ्ठी बांधून.

"हाऊ माले कधी भेटी?"

"केस संपली की."

"बरं," वना म्हणाला आणि अंगठा पुढे केला. नेहमीचे दोन पंच, चहावाला आणि त्याचा मेहुणा, आधीच कोऱ्या कागदांवर सह्या करून गेले होते. नियम म्हणून मी वाचून दाखवायला लागलो. 'सदर इसमाने पाणवठ्याचे काठी उंबराचे झाडाखाली बसून पाणी पिण्यास आलेल्या…'

वनाने अंगठा मागे घेतला.

"कोठे बठना मी?"

"डोहावर. उंबराखाली," मी म्हटलं.

"मी तठे बठस नही."

"वना, कागदावर बसायचं आहे," साहेब म्हणाले.

"कागदवर बी नही. चोरी लावा, शिकार लावा, जेल लावा. पन मी पानीवर बठनू, वारा पाठमांगे घिसन, अशी लिखशात तं नही. पाडावर बठ्ठा हसतीन."

"तुला तुरुंगाची भीती नाही, हसण्याची आहे?"

"जेलमाईन मानूस सुटस, साहेब."

साहेबांनी त्याला दोन मुस्काटात मारल्या. त्याने खाल्ल्या. अंगठा मुठीत धरून बसला. साडेनऊ झाले होते, आणि वरच्या साहेबांचं ऑफिस अर्ध्या तासावर.

"आधार," साहेब मला म्हणाले, "याला जिथे बसायचं तिथे बसव आणि आटप. मी गाडी काढतो."

मी नवा कागद घेतला. वना सांगत गेला, मी लिहीत गेलो. अंजनाचं झाड, डोहापासून टेकाडापलीकडे. परतीच्या वाटेपासून वीस पावलं. वारा समोरून, ऊन पाठीशी. जनावर पाणी पिऊन, पोट भरून परतत असताना. तीर डावीकडून, पुढच्या पायाच्या मागे, एकच. जनावर दहा पावलांत खाली. असं काही घडलं नव्हतं. पण त्या राउंडमध्ये लिहिल्या गेलेल्या पंचनाम्यांत तो एकटाच असा होता की वाचून वाटावं, हे ज्याने केलं त्याला काम येतं.

सोबत जोडायचा नकाशा माझ्यासमोर होता. डॉक्टरांचा कागदही होता. मला दिसत होतं. मी एक अक्षर बदललं नाही. वाचून दाखवलं. वनाने ऐकलं, 'वीस पावलं' तेवढं परत वाचायला लावलं आणि अंगठा दिला. साहेबांनी न वाचता सही केली.

केस दीड वर्षाने उभी राहिली. मॅजिस्ट्रेट तरुण होते आणि कागद वाचायचे, हे साहेबांचं फुटकं कपाळ. त्यांनी मगनसाहेबांना उभं केलं.

"या अंजनाच्या झाडाखालून डोह दिसतो?"

"नाही सर."

"मग डोहाच्या काठावर रक्त कसं?"

साहेब नकाशाकडे बघत राहिले.

"तुम्ही म्हणता बाण डाव्या बरगडीत. डॉक्टर म्हणतात उजवी मांडी. तुम्ही म्हणता दहा पावलांत पडलं. सापडलं दीड मैलावर. तुम्ही म्हणता पाणी पिऊन निघालं होतं. डॉक्टर म्हणतात पोटात पाण्याचा थेंब नाही. हे एकच हरीण आहे का?"

एकच कामठा दोनदा जप्त झाला होता आणि मधे तो परत दिल्याची नोंद कुठेच नव्हती. तिथपर्यंत कोणाला जावंच लागलं नाही. जागेनेच केस संपली. आरोपी सदर ठिकाणी बसल्याचं सिद्ध होत नाही, निर्दोष, मुद्देमाल परत. जावईबापूंचं नाव कोणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी हजेरी बंद झाली. साहेबांना शेवटी कळलं की पंचनामा वाचायचा असतो.

कामठा मिळायला अजून चार महिने लागले. बांबूच्या सालीची दोरी उंदरांनी खाल्ली होती. दांडा शाबूत होता. वनाने तो कोर्टाच्या आवारात गुडघ्यावर टेकवून वाकवून पाहिला. वाकला, मोडला नाही. मग त्याने खांद्याला लावला आणि दोन पावलं चालून बघितली.

त्याचा चेहरा मात्र पडलेला होता.

"आधारभाऊ, कोर्टले मनी जागा पसंत पडनी नही का?"

"का रे?"

"त्या सांगत होतात, मी तठे बठेलच नव्हता."

"पसंत पडली," मी म्हटलं. "पसंत पडली म्हणूनच सोडलं तुला."

त्याने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

त्याचा पाडा तिथून एकवीस मैल, सगळा डांबरी रस्ता. एस.टी. कंडक्टर कामठ्यासकट गाडीत घेईना. मी खिशातून निकालाची नक्कल काढली, घडी उलगडली, शिक्का वर येईल अशी दोन्ही हातांत धरली आणि पुढे चालू लागलो. वना मागून येत होता, सरळ.